ॲप स्टोअरचा देश बदलताना: आधी काय आवरायचं, मग काय दाबायचं

प्रश्न थोडक्यात असा: नव्या देशात राहायला गेल्यावर तिथल्या बँकेचं ॲप फोनवर उतरत नाही, ‘हे ॲप तुमच्या देशात उपलब्ध नाही’ एवढंच दिसतं. मग स्टोअरचा देश बदलायचा कसा, आणि बदलल्यावर जुनी ॲप, शिल्लक पैसे आणि चालू सदस्यत्वं यांचं काय होतं?

देश बदलायला दोन-चार मिनिटं लागतात. वेळ खातात ती आधीची आवरायची कामं, आणि ती राहून गेली की स्टोअर एकतर बदल करू देत नाही किंवा करू देतं आणि मग महिनाभराने एखादं जुनं ॲप हाताशी नसल्याचं कळतं. शिवाय बऱ्याच जणांना देश बदलायची गरजच नसते, दुसरं अकाउंट उघडून काम भागतं. म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी पुढचं सगळं वाचा.

‘देश’ नेमका कुठला?

फोनमध्ये देश या नावाच्या तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत होते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली ‘लँग्वेज अँड रीजन’ असतं. तिथला प्रदेश बदलला की तारखेची मांडणी, चलनाचं चिन्ह, आठवडा कुठल्या वारापासून सुरू होतो एवढंच बदलतं. स्टोअरला त्याचं काही देणंघेणं नाही. तेच टाइम झोनचं आणि फोनच्या भाषेचं. गूगलकडे आणखी एक देश असतो, तो म्हणजे तुमच्या अकाउंटला कुठल्या देशाच्या सेवाशर्ती लागू आहेत तो. तो बदलायचा वेगळा अर्ज असतो आणि तो भरल्याने प्ले स्टोअरचा देश बदलत नाही. अनेक जण हा अर्ज भरून वाट पाहत बसतात.

स्टोअरचा देश ठरतो मुख्यतः पैसे देण्याच्या साधनावरून आणि बिलाच्या पत्त्यावरून. ॲपल जवळजवळ पूर्णपणे यावरच चालतं. गूगल त्यात तुम्ही प्रत्यक्ष कुठून इंटरनेट वापरताय हेही बघतं. कर कुठल्या देशाचा लावायचा, किंमत कुठल्या चलनात दाखवायची, कुठल्या देशाचे हक्क असलेले चित्रपट नि पुस्तकं विकायची, हे सगळं या एका नोंदीवर अवलंबून असतं. ॲपलचं ॲप स्टोअर १७५ देश-प्रदेशांत आहे आणि प्रत्येक ठिकाणची यादी वेगळी. ॲप कुठल्या देशांत दाखवायचं हे ॲप बनवणारा ठरवतो. बँका आणि सरकारी खाती बहुतेक वेळा स्वतःचा एकच देश निवडतात, तिथेच तुमची गाडी अडते.

एक नियम आधीच पक्का लक्षात घ्या, पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे. ॲप एखाद्या देशाच्या यादीत नसेल तरी फोनवर आधीपासून असलेलं ॲप आपोआप पुसलं जात नाही. बंद होतात ती अद्यतनं आणि पुन्हा उतरवून घेण्याची वाट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या स्टोअरमधून टिकटॉक काढलं गेलं तेव्हा नेमकं हेच झालं. ज्यांच्या फोनवर ते होतं त्यांच्याकडे राहिलं, पण ज्यांनी काढून टाकलं त्यांना फेब्रुवारीत ते स्टोअरमध्ये परत येईपर्यंत घेता आलं नाही. देश बदलल्यावर तुमच्या जुन्या देशातल्या बँकेच्या ॲपची अवस्था तशीच होते.

बदलायचं की दुसरं अकाउंट?

सहलीला किंवा काही आठवड्यांच्या कामाला गेला असाल तर काहीच बदलू नका. जुन्या देशाचं अकाउंट परदेशात व्यवस्थित चालतं, अद्यतनं येतात, खरेदीही होते. गूगलवर तर घाईने बदललात तर वर्षभर परतता येत नाही, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

काही महिन्यांसाठी गेला असाल, किंवा नव्या देशातली दोन-तीनच ॲप हवी असतील, तर दुसरं अकाउंट हा जास्त शहाणपणाचा मार्ग. जुन्या देशात घर, बँक, विमा असं काही मागे असेल तर कायमच्या स्थलांतरानंतरही पहिलं वर्षभर दोन्ही अकाउंटं ठेवणं सोयीचं जातं.

मुख्य अकाउंटचा देश बदलावा तो तुमचं रोजचं कार्ड आणि बिलाचा पत्ता दोन्ही नव्या देशात गेल्यावरच.

इथे एक पेच येतो, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्यातच अडकलेले असतात. देश बदलायला नव्या देशाचं कार्ड लागतं. कार्ड मिळायला बँकेत खातं लागतं. आणि खातं उघडायला बँकेचं ॲप लागतं, जे नव्या देशाच्या स्टोअरमध्येच आहे. ही साखळी फोडायचे दोन रस्ते आहेत. आयफोनवर देश बदलताना कार्ड न देण्याचा पर्याय मिळू शकतो. आणि दोन्ही प्रकारच्या फोनवर नवीन, मोकळं अकाउंट नव्या देशात उघडता येतं, त्याला फुकट ॲप घेण्यासाठी कार्ड लागत नाही. बँकेची ॲप फुकटच असतात. आधी दुसऱ्या अकाउंटवरून बँकेचं ॲप घ्या, खातं उघडा, कार्ड हातात येऊ द्या, मग मुख्य अकाउंटचा देश बदलायचा का ते ठरवा.

आधी जुनी ॲप जपा

आयफोनवर ‘ऑफलोड अनयूज्ड ॲप्स’ अशी सोय आहे. जागा कमी पडली की फोन न वापरलेली ॲप काढून टाकतो, त्यातला डेटा ठेवतो आणि चिन्ह पडद्यावर तसंच राहतं. चिन्हावर टिचकी मारली की ॲप स्टोअरमधून परत उतरतं. देश बदलल्यावर मात्र ते उतरतच नाही, कारण नव्या स्टोअरमध्ये ते नाही. डेटा फोनमध्ये आहे, पण उघडायला ॲप नाही. म्हणून देश बदलण्याआधी ही सोय बंद करा. नव्या आवृत्त्यांमध्ये ती सेटिंग्ज, ॲप्स, ॲप स्टोअर अशी सापडते, आधीच्या आवृत्त्यांमध्ये सेटिंग्जमध्ये थेट ॲप स्टोअरखाली. चिन्हाच्या नावापुढे छोटा ढग दिसत असेल तर ते ॲप आधीच काढलं गेलंय. ते आत्ताच उतरवून घ्या.

अँड्रॉइडवर हीच गोष्ट ‘ऑटोमॅटिकली आर्काइव्ह ॲप्स’ या नावाने असते. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली जाऊन तिचं बटण बंद करा.

मग जुन्या देशातल्या ज्या ॲपशिवाय तुमचं अडेल त्यांची यादी करा: बँक, आयकर, पेन्शन, विमा, जुन्या मोबाइल कंपनीचं ॲप, ऑफिसचं ओळख पडताळणीचं ॲप. प्रत्येक एकदा उघडून चालतंय ना ते बघा आणि शेवटचं अद्यतन घेऊन टाका. बँकांची ॲप काही महिन्यांनी जुनी आवृत्ती चालवायला नकार देतात आणि ‘अद्यतन घ्या’ म्हणतात, जे तुम्हाला मिळणार नसतं. अशा ॲपसाठी जुन्या देशाचं एक अकाउंट हाताशी असणं हाच टिकाऊ उपाय.

दुसरा धोका नवा फोन घेताना समोर येतो. जुन्या फोनवरून नव्यावर सगळं हलवलं तरी ॲप स्वतः सहसा स्टोअरमधून नव्याने उतरतात, जुन्या फोनमधून येतो तो फक्त डेटा. स्टोअरमध्ये ॲप नसेल तर तिथे राखाडी चिन्ह राहतं किंवा काहीच येत नाही. देश बदलल्यानंतर जुना फोन विकायची घाई करू नका.

फोन नंबरचंही आत्ताच बघा. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा संकेतांक जुन्या देशाच्या सिमवर येत असेल तर नवा नंबर विश्वासातला नंबर म्हणून आधी जोडा, मग जुनं सिम बंद करा. हा क्रम उलटा झाला की अकाउंटमध्ये शिरताच येत नाही, आणि तिथून बाहेर पडायला दिवस जातात. जुन्या कार्डाचा ओटीपीही त्याच सिमवर येतो हे विसरू नका.

ॲपलवर

ॲपलने २०२४ मध्ये ॲपल आयडीचं नाव ॲपल अकाउंट असं केलं, त्यामुळे तुमच्या फोनवर दोन्हीपैकी काहीही दिसेल. देश बदलण्याआधी पुढच्या गोष्टी संपलेल्या असाव्या लागतात.

अकाउंटमधली शिल्लक शून्य हवी. गिफ्ट कार्डाचे किंवा परताव्याचे थोडेसे पैसे उरले तरी स्टोअर अडवतं. शिल्लक एखाद्या ॲपच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर काहीतरी घेऊन ती संपवा. शिल्लक किमतीपेक्षा कमी असेल तर महाग वस्तू घेऊन फरक कार्डावर टाकता येतो का बघा. नाहीच जमलं तर ॲपलच्या मदत केंद्राशी बोला, उरलेली किरकोळ रक्कम ते काढून देतात. ती परत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. परतावा वाटेत असेल तर तो जमा होऊ द्या, कारण जमा होईपर्यंत बदल होत नाही.

सदस्यत्वं ही सगळ्यात मोठी अडचण. रद्द केलं म्हणजे संपलं असं नाही. भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत ते चालूच धरलं जातं. महिन्याचं असेल तर फार तर महिना थांबावं लागतं, वर्षाचं असेल आणि नुकतंच भरलं असेल तर अकरा महिने. अशा वेळी परतावा मागून बघता येतो, पण मिळेलच असं नाही. परतावा नाकारला गेला तर मुदत संपेपर्यंत दुसऱ्या अकाउंटवर काम भागवणं हाच व्यवहार्य मार्ग. कुठली सदस्यत्वं चालू आहेत ते सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टिचकी मारून सबस्क्रिप्शन्सखाली दिसतं. कंपनीच्या संकेतस्थळावर थेट कार्ड देऊन घेतलेली सदस्यत्वं या यादीत नसतात आणि बदलाच्या आड येत नाहीत. देश बदलायचं वर्षभर आधीच माहीत असेल तर यापुढे कुठलंही वार्षिक सदस्यत्व स्टोअरमधून घेऊ नका.

आगाऊ मागणी नोंदवलेली गाणी किंवा चित्रपट, भाड्याने घेतलेले चित्रपट, अर्धवट आलेले मालिकांचे सीझन पास हेही आधी पूर्ण व्हायला हवेत किंवा रद्द करायला हवेत.

फॅमिली शेअरिंगमध्ये असाल तर बदल अडू शकतो, कारण खरेदी वाटून घेणाऱ्या सगळ्यांचा देश एकच लागतो. प्रौढ सदस्याने गटातून बाहेर पडून बदल करायचा आणि मग नव्या गटात यायचं. पण एका गटातून दुसऱ्यात जाणं वर्षातून एकदाच जमतं, तेव्हा उगाच आत-बाहेर करू नका. मुलांची अकाउंटं गटाबाहेर स्वतंत्र राहू शकत नाहीत. सगळं घरच स्थलांतरित होत असेल तर मुलांच्या अकाउंटसाठी सरळ मदत केंद्राला विचारा, इथे स्वतः प्रयोग करण्यात अर्थ नाही.

देश बदलण्याआधी विकत घेतलेली गाणी, पुस्तकं, चित्रपट फोनवर किंवा संगणकावर उतरवून ठेवा. नव्या देशात त्यांचे हक्क नसतील तर पुन्हा उतरणार नाहीत. ॲपल म्युझिकच्या गाण्यांचंही तसंच: नव्या देशाच्या संग्रहात नसलेली गाणी यादीत राखाडी होऊन बसतात.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष बदल असा: सेटिंग्ज उघडा, वर आपलं नाव, मग ‘मीडिया अँड पर्चेसेस’, त्यात ‘व्ह्यू अकाउंट’. पासवर्ड किंवा चेहरा मागेल. मग ‘कंट्री/रीजन’, मग ‘चेंज कंट्री ऑर रीजन’, आणि यादीतून देश निवडा. शर्ती येतील, ‘ॲग्री’ दाबा. पुन्हा एकदा विचारेल, पुन्हा ‘ॲग्री’. मग पैसे देण्याचं साधन आणि नव्या देशातला पत्ता. फोन हाताशी नसेल तर अकाउंट डॉट ॲपल डॉट कॉमवर वैयक्तिक माहितीखालीही हे करता येतं.

पैसे देण्याच्या यादीत कधीकधी ‘नन’ असतं, ते निवडलं की कार्ड द्यावं लागत नाही. ते दिसत नसेल तर चालू सदस्यत्व, थकलेलं बिल किंवा तुम्ही कुटुंबाच्या खरेदी-गटाचे आयोजक असणं, यांपैकी काहीतरी कारण असतं. काही देशांत मात्र हे कारण नसतानाही कार्ड मागितलं जातं.

कार्ड नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ते दुसऱ्या देशातल्या बँकेचं असणं. कार्ड आंतरराष्ट्रीय आहे, जगभर चालतं, हे इथे उपयोगाचं नाही. कार्डाच्या पहिल्या सहा ते आठ आकड्यांवरून देणाऱ्या बँकेचा देश कळतो, आणि तो स्टोअरच्या देशाशी जुळावा लागतो. पेपॅल वापरत असाल तर त्या खात्याचाही स्वतःचा देश असतो, तोही जुळायला हवा. दुसरं कारण पत्ता. काही देशांत बँकेकडे नोंदवलेला पत्ता आणि पिन कोड तुम्ही टाकलेल्याशी ताडून पाहिले जातात, त्यामुळे पत्ता बँकेच्या पत्रावर आहे तसाच लिहा, आणि पिन कोड त्या देशाच्या पद्धतीने. गिफ्ट कार्डं तर पूर्णपणे देशाशी बांधलेली असतात: ज्या देशात घेतलं त्याच देशाच्या अकाउंटमध्ये ते भरता येतं.

आयक्लाउडमधले फोटो, संपर्क, बॅकअप यांना स्टोअरचा देश बदलल्याने धक्का लागत नाही. मुख्य चीनचा मात्र अपवाद आहे. २८ फेब्रुवारी २०१८ पासून तिथल्या अकाउंटचं आयक्लाउड ग्वेझोऊ प्रांतातली स्थानिक कंपनी चालवते आणि देश चीन निवडला की तिच्या शर्ती मान्य कराव्या लागतात. ते नको असेल तर तिथे मुख्य अकाउंट बदलू नका, दुसरं उघडा.

गूगल प्लेवर

गूगलचा एक नियम सगळ्यात आधी: प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो. आज बदललात आणि उद्या चूक कळली तरी पुढचे बारा महिने परत फिरता येत नाही. ॲपलवर असा वार्षिक नियम नाही, म्हणून आयफोनवाल्यांचे ‘बदल आणि बघ’ छापाचे सल्ले इथे लागू पडत नाहीत.

पायऱ्या अशा: प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या चित्रावर टिचकी, मग सेटिंग्ज, जनरल, ‘अकाउंट अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस’ आणि ‘कंट्री अँड प्रोफाइल्स’. तिथे सध्याचा देश दिसतो आणि बदलायला पात्र असाल तर त्याखाली नवा देश. तो निवडला की त्या देशातलं पैसे देण्याचं साधन मागतात आणि नवं पेमेंट प्रोफाइल, म्हणजे तुमचं नाव, पत्ता आणि कार्ड यांची गूगलकडची नोंद, तयार होतं. जुन्या प्रोफाइलचा देश कधीच बदलत नाही, नव्या देशाचं नवं प्रोफाइलच बनतं. जुनं बंद करू नका, जुने व्यवहार त्यालाच जोडलेले असतात.

नवा देश त्या पडद्यावर दिसतच नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. गेल्या वर्षभरात एकदा बदल केलेला असणं हे एक कारण. त्याहून जास्त वेळा कारण असतं इंटरनेटचा पत्ता. जुन्या देशाच्या सिमवर रोमिंग चालू असेल तर तुमचा डेटा सहसा जुन्या देशातल्या कंपनीच्या जाळ्यातूनच बाहेर पडतो. तुम्ही नव्या देशात उभे असता, पण गूगलला जुनाच देश दिसतो. प्रवाशांसाठीच्या ई-सिममध्ये तर डेटा तिसऱ्याच देशातून बाहेर पडू शकतो. उपाय सोपा आहे: रोमिंगचा डेटा बंद करा, घरच्या किंवा ऑफिसच्या स्थानिक वायफायवर या, व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या देशातून चालतंय असं दाखवणारी सेवा) असेल तर बंद करा, आणि पुन्हा तोच पडदा उघडा. ऑफिसच्या जाळ्याचं इंटरनेट परदेशातल्या मुख्यालयातून जात असेल तर तेही चालणार नाही.

तरीही नवा देश दिसला नाही तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्समधून गूगल प्ले स्टोअर निवडा, स्टोरेजमध्ये जाऊन कॅशे आणि डेटा पुसा, मग स्टोअर पुन्हा उघडा. याने फोनवरची ॲप जात नाहीत. देश बदलल्यावरही नव्या देशाची यादी यायला ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. या दोन दिवसांत अस्वस्थ होऊन कार्डं काढू-घालू नका, त्याने काहीच लवकर होत नाही.

प्लेमधली शिल्लक जुन्या देशाशी बांधलेली राहते, नव्या देशात वापरता येत नाही. म्हणून ती आधी संपवा. ॲपलसारखं गूगल शिल्लक आहे म्हणून थांबवत नाही, आणि म्हणूनच इथे पैसे अडकायची शक्यता जास्त. काही पुस्तकं, चित्रपट नि ॲप नव्या देशात दिसेनाशी होऊ शकतात. सदस्यत्वांबाबत माझं मत स्पष्ट आहे: जुन्या प्रोफाइलवरची सदस्यत्वं रद्द करून मुदत संपू द्यावी आणि नव्या देशात नव्याने घ्यावीत. यूट्यूब प्रीमियमची वर्गणी घेतली त्या देशाशी जोडलेली असते. ती ओढत नेण्यापेक्षा नव्याने घेणंच स्वच्छ. कुटुंब-गटात असाल तर सगळे सदस्य गटप्रमुखाच्याच देशात असावे लागतात, आणि गट बदलणं इथेही बारा महिन्यांतून एकदाच.

व्हीपीएन लावून देश बदलण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. ॲपलवर त्याचा उपयोग जवळपास नाही, कारण तिथे कार्ड आणि पत्ता बघतात. गूगलवर नवा देश पडद्यावर दिसेल, पण कार्ड त्या देशाचं नसेल तर पुढे काही होणार नाही, आणि चुकून झालंच तर वर्षभर तिथेच अडकाल. खोटा पत्ता देणं शर्तींच्या विरुद्ध आहे. ज्या अकाउंटवर तुमचे वर्षांचे फोटो आणि मेल आहेत त्याच्यावर हा जुगार खेळू नये.

दुसरं अकाउंट कसं लावायचं

आयफोनवर आयक्लाउडसाठी एक आणि खरेदीसाठी दुसरं अशी दोन अकाउंटं एकाच वेळी चालतात. नव्या ईमेलवर अकाउंट उघडा, उघडतानाच नवा देश निवडा. मग सेटिंग्जमध्ये आपलं नाव, ‘मीडिया अँड पर्चेसेस’, आणि तिथलं ‘साइन आउट’. हे बटण बरोबर ओळखा. त्याच पडद्यावर अगदी खाली तांबड्या अक्षरांत असलेलं ‘साइन आउट’ दाबलंत तर आयक्लाउडमधूनच बाहेर पडाल आणि फोन शोधण्याची सोयही बंद होईल. खरेदीतून बाहेर पडल्यावर नव्या अकाउंटने आत या, ॲप घ्या, आणि पुन्हा जुन्या अकाउंटवर परत या. घेतलेलं ॲप फोनवर राहतं. पुढे त्याचं अद्यतन आलं की नव्या अकाउंटचा पासवर्ड मागितला जाईल, तो लिहून ठेवा.

यात एक मर्यादा आहे. दुसऱ्या अकाउंटवर जुनी खरेदी पुन्हा उतरवली किंवा आपोआप उतरवण्याची सोय चालू केली तर फोन त्या अकाउंटशी जोडला जातो, आणि मग ९० दिवस दुसऱ्या अकाउंटशी जोडता येत नाही. नवीन फुकट ॲप घेण्यापुरतं हे आड येत नाही, पण आपोआप उतरवण्याची बटणं दुसऱ्या अकाउंटवर बंदच ठेवा. आणि ते अकाउंट चालू असताना कुठल्याही ॲपच्या आत सदस्यत्व घेऊ नका, नाहीतर बिल भलत्याच अकाउंटवर जातं. ॲपलने २०२५ मध्ये एका अकाउंटची खरेदी दुसऱ्यात हलवायची सोय आणली खरी, पण तिला दोन्ही अकाउंटचा देश एकच लागतो, त्यामुळे इथे ती कामाची नाही.

अँड्रॉइडवर हे बरंच सोपं आहे. प्ले स्टोअरमध्ये चित्रावर टिचकी मारून दुसरं अकाउंट जोडा, आणि पुढे तिथूनच अकाउंट अदलाबदल करा. नव्या अकाउंटने प्ले स्टोअर पहिल्यांदा उघडाल ते नव्या देशातल्या वायफायवरच उघडा, म्हणजे देश बरोबर पकडला जाईल. संपर्क आणि कॅलेंडर या अकाउंटशी जुळवायचं बंद ठेवा, नाहीतर नवे नंबर चुकीच्या ठिकाणी जतन होतात. ॲप घेतल्यावर हे अकाउंट फोनवरून काढू नका, काढलंत तर त्या ॲपची अद्यतनं थांबू शकतात.

खेळांबद्दल वेगळं सांगायला हवं. खेळातली प्रगती बहुधा खेळाच्या स्वतःच्या सर्व्हरवर असते आणि देश बदलल्याने जात नाही. पण काही कंपन्या वेगवेगळ्या प्रदेशांसाठी खेळाची वेगळी ॲप काढतात. नव्या देशातलं ॲप नावाने तेच दिसलं तरी आत कोरी पाटी असू शकते. जुनं ॲप काढण्याआधी नव्यात लॉगिन करून खात्री करा.

बदलल्यावर काय तपासायचं

ॲपलवर ‘व्ह्यू अकाउंट’मध्ये नवा देश दिसायला हवा आणि एखाद्या सशुल्क ॲपची किंमत नव्या चलनात. गूगलवर संगणकावरून प्लेच्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी देशाचं नाव येतं. मग हवं ते बँकेचं ॲप नावाने शोधा. शोधात आलं नाही तर बँकेच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून उघडून बघा. तिथून उघडलं आणि ‘तुमच्या उपकरणाशी सुसंगत नाही’ असं आलं, तर अडचण देशाची नाही, फोनच्या जुन्या आवृत्तीची किंवा मॉडेलची आहे. तेव्हा देशाशी खेळू नका, फोनची आवृत्ती अद्ययावत करा.

मग जुन्या यादीतली ॲप एकेक उघडा, आणि पहिल्या महिन्यात जुन्या कार्डाचं विवरणपत्र बघा. संपलं असं वाटणारं एखादं सदस्यत्व जुन्या देशाच्या कार्डावरून पैसे कापत असेल तर तिथेच कळतं. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट घेतलेली सदस्यत्वं स्टोअरच्या बदलाने बंद होत नाहीत, ती त्या त्या संकेतस्थळावर जाऊनच रद्द करावी लागतात.